काळ्या दगडातील पांढऱ्या पट्ट्या

प्रश्न : मंचरजवळच्या ओढ्यात मला एक काळा दगड मिळाला असून त्यात बोटाच्या पेराएवढ्या पांढरट पट्ट्या आहेत. या गारगोट्या आहेत का? – एक वाचक, पुणे

उत्तर : वर्णनावरून तरी हे प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक असावेत, मंचर परिसरातील बेसाल्टचे (लाव्हारस थिजून झालेल्या काळ्या खडकाचे) काही थर अशा मोठ्या स्फटिकांसाठी अभ्यासकांना परिचित आहेत. खात्रीसाठी दगडाचा ताजा तुकडा फोडून तो उन्हात सावकाश फिरवावा. फेल्डस्पार सपाट पृष्ठांवर फुटतो आणि ती पृष्ठे आरशासारखी एकदम चमकतात, तर गारगोटी शिंपल्यासारखी वक्र फुटते. मग दहापट भिंगातून त्या चमकत्या पृष्ठाकडे पाहावे. तेथे पट्टीने आखल्यासारख्या बारीक समांतर रेषा दिसल्या, तर शंका उरत नाही, कारण जुळ्या स्फटिकांच्या पातळ पापुद्र्यांमुळे उमटणाऱ्या या रेषा ऑर्थोक्लेज या दुसऱ्या प्रकारच्या फेल्डस्पारमध्ये नसतात. मात्र त्या दिसल्या नाहीत, म्हणून लगेच नकार देऊ नये. प्रत्येक पृष्ठावर त्या नसतात.

आपल्याकडे खरा घोटाळा होतो तो झिओलाइट आणि कॅल्साइटशी. ती खनिजे बहुधा दगडातील पोकळ्यांत नंतर भरलेली असतात, प्लॅजिओक्लेज मात्र लाव्हारसातच वाढलेले असते. त्याची कठिनता (1 ते 10 या मोज श्रेणीत) 6 ते 6.5 असल्याने साध्या चाकूने त्यावर सहसा ओरखडा उठत नाही. कॅल्साइटवर तो सहज उठतो.

सोडियमयुक्त अल्बाइटपासून कॅल्शियमयुक्त अनॉर्थाइटपर्यंतच्या प्लॅजिओक्लेज मालिकेतील आपला स्फटिक नेमका कोणता, हे मात्र भिंगाने कळत नाही. त्यासाठी सहसा दगडाचा पातळ छेद (प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप) ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली, म्हणजे ध्रुवित प्रकाश वापरणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली, पाहतात.