सॉल्व्हरने काढलेला सुग्रासचा फॉर्म्युला: आधी प्रत्येक रिपोर्टवरची ओलाव्याची ओळ बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली आणि सहा वर्षांपूर्वीचे माझेच दिवस आठवले. तुमचा बार्शीजवळ छोटा पशुखाद्य प्लँट, बारा कच्चे माल, एक्सेलच्या सॉल्व्हरने (दिलेल्या अटींत सगळ्यात कमी खर्चाचं उत्तर शोधणारी सोय) तुम्ही सगळ्यात स्वस्त फॉर्म्युला काढला, पोत्यामागे साठ रुपये वाचले. तीन आठवड्यांत शेतकरी दारात, की गाईंचं दूध घटलं. वर दूध संघाने नेलेल्या नमुन्यात प्रथिनं २०च्या जागी १९च्या आत. आता तुम्ही विचारताय, सॉल्व्हर चुकतोय का आणि लाखभराचं फॉर्म्युलेशन सॉफ्टवेअर घ्यावं का.

सॉफ्टवेअर घेऊ नका. निदान आत्ता तरी नाही. एक्सेलचा सॉल्व्हर दोनशे चलांपर्यंत चालतो, तुमचे बारा आहेत. वर 'सिम्प्लेक्स एलपी' ही गणिताची पद्धत निवडलेली असू द्या, म्हणजे झालं. बेरीज शंभर टक्के, कुठलाही माल शून्याखाली नको, या गोष्टी तुम्ही केल्याच असणार, त्यात वेळ घालवत नाही.

सुरुवातीलाच सांगतो, मी पशुआहारतज्ज्ञ नाही. बी. कॉम. झालेला माणूस आहे, सांगोल्याकडे रोज आठ-दहा टनांचा प्लँट चालवतो. गाईच्या पोटाबद्दल खाली जे लिहिलंय ते तुमच्या भागातल्या पशुवैद्यकांना दाखवून घ्या. तक्त्याबद्दल मात्र ठामपणे बोलतो, कारण त्याची किंमत मी मोजली आहे.

मला सगळ्यात महागात पडलेली चूक अशी. सरकी पेंड आणि मक्याचं डीडीजीएस (मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा वाळवलेला चोथा), दोन्हींचे नमुने मी एका प्रयोगशाळेत दिले. नाव लिहीत नाही. रिपोर्ट आला: पेंडेत प्रथिनं २५, डीडीजीएसमध्ये ३०. बाकीच्या मालाचे आकडे माझ्याकडे दुसरीकडून आलेले होते. सगळे एका कॉलममध्ये भरले आणि सॉल्व्हर चालवला. त्याने लगेच पेंड २८ टक्के आणि डीडीजीएस १८ टक्के घेतलं, सोयाची डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड, जवळजवळ काढूनच टाकली. टनामागचा खर्च बघून मला आनंद झाला. महिनाभर तोच फॉर्म्युला चालवला.

मग संघाने एक गाडी परत पाठवली. १८० पोती, नऊ टन. त्यांच्या तपासणीत प्रथिनं १८.९.

मी आधी मिक्सरवाल्या पोरांवर ओरडलो. मग वजनकाटा तपासला. मग आडत्याशी भांडलो की पेंडेत टरफल घातलंय. तिघांचीही काही चूक नव्हती. प्रयोगशाळेने ते दोन्ही आकडे ड्राय बेसिसवर दिले होते, म्हणजे मालातलं सगळं पाणी काढून टाकलं तर उरलेल्या शुष्क पदार्थात किती प्रथिनं, ते. माझ्याकडचे बाकीचे आकडे मात्र माल जसा गोणीत असतो तसे, ओलाव्यासकट होते. पेंडेत ८ टक्के ओलावा होता, म्हणजे खरी प्रथिनं २३. डीडीजीएसमध्ये ११ टक्के, म्हणजे ३० नव्हे, २६.७. आता २ गुणिले ०.२८ आणि ३.३ गुणिले ०.१८ करून बघा. दोन्ही मिळून १.१५ टक्के. वीसमधून तेवढे वजा केले की संघाचा आकडा येतो.

रिपोर्टवर बेसिस कुठेही लिहिलेला नव्हता. विचारायला तिथे तीन वेळा गेलो, एकशे दहा किलोमीटर जाऊन. पहिल्यांदा खिडकीवर सांगितलं, रिपोर्टवर आहे ते आहे. दुसऱ्यांदा साहेब मीटिंगला. तिसऱ्यांदा लेखी अर्ज द्या म्हणाले, तो दिला, त्याची पोच मागितली तर शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवरच्या बाईंकडे. शेवटी नमुने दळणाऱ्या मुलाने जिन्यात थांबून सांगितलं, "काका, आमच्या शीटमध्ये ओलावा वजा होऊनच आकडा येतो." चार शब्द रिपोर्टवर छापले असते तर माझी एक गाडी आणि संघाकडची आठ महिन्यांची पत वाचली असती. मला आजही त्याचा राग येतो. पैसे घेऊन आकडा देणाऱ्याने तो कशावर काढला हे सांगायलाच हवं, त्यासाठी अर्ज कशाला?

पण राग बाजूला ठेवून एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तुमचंही तेच झालं असावं असा माझा अंदाज आहे. माणूस अंदाजाने फॉर्म्युला लावतो तेव्हा एखादा आकडा चुकला तर थोडंसंच बिघडतं. सॉल्व्हरचं तसं नाही. ज्या मालाचा गुण चुकून जास्त लिहिला गेला, तोच त्याला 'स्वस्त आणि चांगला' दिसतो आणि तो त्यालाच भरभरून उचलतो. उलट ज्याचा गुण चुकून कमी लिहिला, त्याला तो हातही लावत नाही. म्हणजे चुका सरासरीत जिरून जात नाहीत, निवडून-निवडून तुमच्या गोणीत येतात.

ज्यांनी ही पद्धत काढली त्यांनाही हे चुकलं नाही. अमेरिकी गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी सिम्प्लेक्स पद्धत १९४७ मध्ये मांडली. तिची पहिली मोठी परीक्षा आहाराच्याच गणितावर झाली: ७७ पदार्थ, ९ पोषकं, सगळ्यात स्वस्त आहार कोणता. नऊ कारकून टेबलावरची गणनयंत्रं घेऊन बसले आणि १२० मनुष्यदिवस लागले. वर्षाचा खर्च ३९.६९ डॉलर निघाला. अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी आधी अंदाजाने काढलेला ३९.९३ होता. पुढे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला डँट्झिग यांनी स्वतःचं वजन उतरवायला असंच गणित मांडलं. पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून पाणी वगळून अन्नाचं वजन जास्तीत जास्त धरलं. यंत्राने सांगितलं, ५०० गॅलन व्हिनेगर घ्या. तक्त्यात व्हिनेगरमधलं पाणी शून्य लिहिलेलं होतं! ओलाव्याचीच चूक, आणि यंत्राने बरोब्बर त्याच पदार्थावर बोट ठेवलं. नंतरच्या फेऱ्यांत त्याने दिवसाला दोन पौंड कोंडा सुचवला, मग दोन पौंड मळी. कोंडा आणि मळी, म्हणजे आपलाच माल.

तेव्हा आज संध्याकाळी एवढं करा. प्रत्येक मालाच्या रिपोर्टवर ओलाव्याची ओळ शोधा. तक्त्यात एक कॉलम ओलाव्याचा, एक बेसिसचा वाढवा. ज्याचा बेसिस कळत नाही, तो आकडा वापरू नका, फोन करून विचारा, नाही सांगितलं तर प्रयोगशाळा बदला. संघाच्या करारात २० लिहिलंय ते कशावर, तेही लेखी घ्या.

आता दूध घटण्याचं. तुमच्या फॉर्म्युल्यात डीओआरबी, म्हणजे तेल काढलेला भाताचा कोंडा, ४० टक्के आलाय. त्याचं कारण मला तुमच्या अटींमध्येच दिसतं: प्रथिनं, फॅट आणि भाव, बस. ऊर्जेची अट नाही. डीओआरबीत प्रथिनं बरी, भाव कमी, पण टीडीएन (एकूण पचणारी पोषकं, म्हणजे ऊर्जेचं माप) मक्याच्या मानाने फारच कमी. मक्याचं ८०च्या पुढे, याचं ६०च्या आतबाहेर. तुम्ही मागितलंच नाही तर सॉल्व्हर ऊर्जा कुठून देणार? मी टीडीएन ६८च्या खाली जाऊ देत नाही. आयएस २०५२ या पशुखाद्याच्या भारतीय मानकात (२००९ची आवृत्ती) टाइप २ला प्रथिनं किमान २०, तंतू कमाल १२, आम्लात न विरघळणारी राख, म्हणजे वाळू-सिलिका, कमाल ४ टक्के आहे. टीडीएन, तंतू आणि वाळू या तिन्ही ओळी घाला, डीओआरबी आपोआप खाली येईल.

युरियाला वरची मर्यादा घातली आहे का? नसेल तर हे वाचणं थांबवून आधी ती घाला. प्रयोगशाळा नत्र मोजते आणि ६.२५ने गुणते. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे तक्त्यात त्याची 'प्रथिनं' २८७ दिसतात. सॉल्व्हरला यापेक्षा स्वस्त काही मिळणार नाही. एक टक्क्याच्या वर कधीच नाही, वासरांच्या खाद्यात अजिबात नाही, आणि शेतीच्या अनुदानित युरियाला तर हातच लावायचा नाही. मी स्वतः युरियाची ओळच तक्त्यातून काढून टाकली. पोत्यामागे थोडे पैसे जातात, पण मिक्सरमध्ये एकदा गठ्ठा राहिला तर कुणाची तरी गाय जाते. यावर इथले काही जण माझ्याशी सहमत नाहीत, मला माहीत आहे.

दुसरं, सॉल्व्हरचं उत्तर नेहमी अटीच्या काठावर बसतं. किमान २० म्हटलं की तो २०.०० देणार. सरकी पेंड गाडीगणिक बदलते, म्हणजे सरासरी वीस असेल तर साधारण अर्ध्या बॅचेस विसाच्या खाली जाणार. म्हणून अट २०.५ ठेवा. खर्च वाटतो तेवढा नाही. सोया डीओसी ४६, मका ९, फरक ३७. अर्धा टक्का वाढवायला टनामागे साडेतेरा किलो मका काढून तेवढी डीओसी घालावी लागते. किलोमागे वीस रुपयांचा फरक धरला तर टनाला २७० रुपये, ५० किलोच्या पोत्याला साडेतेरा. सॉल्व्हर संपल्यावर 'सेन्सिटिव्हिटी' रिपोर्ट मागा, त्यात प्रथिनांच्या ओळीसमोर शॅडो प्राइस असते, ती नेमकं हेच सांगते: अट एक घर वर नेली तर खर्च किती वाढेल. मी तो रिपोर्ट दर सोमवारी बघतो. कुठल्या मालाची मर्यादा मला सगळ्यात जास्त महाग पडतेय, तेही त्यातूनच कळतं आणि आडत्याशी बोलायला आकडा हातात असतो.

तिसरं, आणि तुमच्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुम्ही बाजारभाव बदलला की दर आठवड्याला नवा फॉर्म्युला लावताय. गाईच्या पोटातल्या जिवाणूंना नव्या खाद्याची सवय व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात. त्याआधीच तुम्ही पुन्हा बदलता. दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ठरतो, त्याखाली गेलं की शेतकऱ्याचे पैसे कापले जातात. तुमचे साठ रुपये त्याच्या खिशातून आले, असं त्याला वाटलं तर त्याचं चुकत नाही. म्हणून प्रत्येक मालासाठी दोन ओळी वाढवा: नवा टक्का जुन्यापेक्षा तीनने जास्त नको आणि तीनने कमी नको. भाव पडला तरी फॉर्म्युला दोन-तीन आठवड्यांत हळूहळू सरकतो. नफा थोडा उशिरा मिळतो, पण गोठ्यात कुणाला काही कळत नाही.

जाता जाता एक. मिक्सरवरचा माणूस ३७.४ किलो मोजत नाही, तो अर्धी गोणी ओततो. मोठ्या मालांसाठी टक्क्यांऐवजी एक टनाच्या बॅचमध्ये किती अर्ध्या गोण्या, असा चल घ्या आणि त्याला 'पूर्णांक' ही अट लावा. मीठ, मिनरल मिक्स्चर वगैरे वेगळं, काट्यावरच. आणि मळी दहा टक्क्यांच्या वर नको, खाद्याच्या गोळ्या पाडायची डाय चोंदते, निदान माझ्या मशिनला तरी.

पावसाळ्यात मक्याचा आणि डीडीजीएसचा अफ्लाटॉक्सिनसाठी नमुना वेगळा काढत जा. मक्यातून स्टार्च गेला की उरलेल्या मालात बुरशीचं विष जवळजवळ तिप्पट दाट होतं आणि ते दुधात उतरतं. सॉल्व्हरच्या तक्त्यात त्याची ओळ घालता येते, मी घातली आहे, कमाल २० पीपीबी, म्हणजे अब्जात वीस भाग.

तुमचा तक्ता इथे टाकलात तर रविवारी निवांत बघतो. भाव झाकून टाका हवं तर, पण ओलाव्याचा कॉलम भरूनच टाका.