प्लग बसला म्हणजे वीज पुरली असं नाही

प्रश्न: काका, नमस्कार. आम्ही डॅलसजवळ प्लेनोला राहतो. यंदा एक जुनी मोटरहोम घेतली आहे. दोन एसी, चार पात्यांचा ५० अँपचा प्लग. जूनमध्ये नाशिकहून सासू-सासरे येतायत, त्यांना घेऊन यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जायचंय. वाटेत न्यू मेक्सिकोत दोन रात्री मिळालेल्या जागेत फक्त ३० अँपचं कनेक्शन आहे. दुकानदार म्हणाला, अडॅप्टर लावा, काही होत नाही. खरंच काही होत नाही का? दुसरं, घरी गराजमध्ये ३० अँपचा सॉकेट बसवून घ्यावा म्हणतोय. ओळखीचे एक इलेक्ट्रिशियन म्हणाले, ‘कपडे वाळवायच्या ड्रायरचाच असतो तो, तासाभराचं काम.’ आणि तिसरं सासऱ्यांच्या वतीने विचारते. ते महावितरणमधून निवृत्त झालेत. त्यांचं म्हणणं, कॅम्पग्राउंडवर गाड्यांना वीज देणाऱ्या खांबावर २४० व्होल्ट मिळत असतील तर भारतातला मिक्सर तिथे चालेल. सासूबाईंनी तो बॅगेत भरलासुद्धा आहे.
— एक वाचक, प्लेनो, टेक्सास

उत्तर: दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पैसे जळणार असतील तर ते तिथे जळतील.

त्या इलेक्ट्रिशियनना थांबवा. आरव्हीचा, म्हणजे मोटरहोमसारख्या राहत्या गाडीचा, ३० अँपचा सॉकेट १२० व्होल्टचा असतो: एक फेज, एक न्यूट्रल, एक अर्थिंग. ड्रायरचा ३० अँपचा सॉकेट २४० व्होल्टचा. घरांची कामं करणाऱ्या माणसाने ‘तीन भोकं, ३० अँप’ ऐकलं की हात सवयीने दोन फेजकडे, म्हणजे २४० व्होल्टकडे, जातो. माणूस वाईट नसतो, सवय वाईट असते. मग आरव्ही जोडली की मायक्रोवेव्ह, बॅटरीचा चार्जर, फ्रिजचा बोर्ड, सगळं एका झटक्यात जातं. कुणी बसवलेला ३० अँपचा सॉकेट वापरायची वेळ आलीच, तर आधी त्याच्या दोन तिरप्या भोकांमध्ये मल्टिमीटर लावून बघायला सांगा. १२० च्या आसपास आकडा आला तर ठीक. २४० आला तर गाडी तशीच उभी राहू द्या.

तुमची गाडी ५० अँपची आहे, मग घरी ३० चा सॉकेट हवाय कशाला? ५० अँपचा चार भोकांचाच बसवा. विजेच्या शेगडीला आणि विजेच्या गाडीच्या चार्जरलाही तोच वापरतात, त्यामुळे तो कसा जोडायचा हे इथल्या कुठल्याही इलेक्ट्रिशियनला पाठ असतं. तांब्याची ६ गेजची वायर, ५० अँपचा ब्रेकर आणि शहराचं परमिट, एवढं मागा.

आता न्यू मेक्सिको. दुकानदार अर्धं खरं बोलला. अडॅप्टर प्लगचा आकार बदलतो, वीज वाढवत नाही. तुमच्या ५० अँपच्या प्लगमध्ये दोन फेज येतात, प्रत्येकी १२० व्होल्ट आणि ५० अँप. म्हणजे एकूण १२,००० वॅट. ३० अँपच्या खांबावर फेज एकच, ३,६०० वॅट. अडॅप्टरच्या आत ती एकच फेज गाडीच्या दोन्ही बाजूंना जोडलेली असते. गाडीतली सगळी बटणं चालतात, सगळे दिवे लागतात आणि माणसाला वाटतं काहीच कमी झालेलं नाही. हाडकाच्या आकाराचे असतात म्हणून इकडे त्या अडॅप्टरला ‘डॉगबोन’ म्हणतात. दोन तोंडं आणि मध्ये जाड वायर असलेलाच घ्या. एकाच ठोकळ्याचा उपसताना ओढावा लागतो आणि पाती सैल होतात.

हिशेब असा करा. चालू असलेला एक एसी साधारण १३ अँप खातो, सुरू होताना क्षणभर त्याहून बराच जास्त. गिझरची विजेची कॉइल १२, मायक्रोवेव्ह १३, चहाची इलेक्ट्रिक किटली साडेबारा, केस वाळवायचं यंत्र तेवढंच. वर बॅटरीचा चार्जर काही अँप खात असतो, त्याची आठवण कुणालाच नसते. तासन्‌तास चालणारा लोड ३० पैकी २४ च्या आत ठेवायचा. म्हणजे एक एसी आणि थोड्या वेळापुरती दुसरी एकच मोठी वस्तू. गिझर आणि फ्रिज गॅसवर चालत असतील तर गॅसवर टाका. दुसऱ्या एसीला दोन रात्री सुट्टी.

आमचं सांगतो. काही वर्षांपूर्वी जुलैच्या उन्हात आम्ही एका कॅम्पग्राउंडवर असेच ३० वर होतो. एसी चालू, गिझर मी विजेवरच विसरलेला, आणि आमच्या सौ.नी इन्स्टंट पॉटमध्ये, म्हणजे विजेच्या कुकरमध्ये, इडल्या लावल्या. ब्रेकर पडला असता तर बरं झालं असतं. तो जुना होता, बराच वेळ तग धरून बसला. अर्ध्या तासाने मी सहज अडॅप्टरला हात लावला तर चटका बसला. उपसून पाहिलं तर एक पातं तपकिरी पडलेलं आणि भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं. सॉकेटची पकड सैल होती. सैल जोड आणि जास्त लोड एकत्र आले की हे व्हायचंच. तेव्हापासून लोड चढवला की अर्ध्या तासाने मी प्लगला हात लावून बघतो. कोमट चालतो. हात ठेववत नसेल तर लोड बंद, खांबाचा ब्रेकर बंद, आणि ऑफिसात जाऊन दुसरी जागा मागायची. इडल्या मात्र झाल्या होत्या.

जोडतानाचा क्रम: गाडीतले एसी बंद, खांबाचा ब्रेकर खाली, अडॅप्टर आधी आपल्या केबलला, मग खांबात, मग ब्रेकर वर. निघताना उलट. चालू एसीवर प्लग उपसला की ठिणगी पडते आणि पाती करपतात. खांब आणि केबल यांच्यामध्ये व्होल्टेज बघून वीज तोडणारा संरक्षक बसवा. नुसता सर्ज प्रोटेक्टर नको. कमी-जास्त व्होल्टेजला तोडणारा हवा. दुपारी सगळ्यांचे एसी लागले की खांबावरचं व्होल्टेज १०५ च्या खाली जाऊ शकतं आणि तेव्हा कॉम्प्रेसर तापून मरतो. ५० अँपच्या खांबावर दुसरीही भीती असते, ती तुमच्या सासऱ्यांना एका वाक्यात कळेल: न्यूट्रल तुटला तर काय होतं ते विचारा. गल्लीतले निम्मे दिवे भगभगतात आणि निम्मे मिणमिणतात, तेच इथे गाडीच्या दोन बाजूंना होतं.

यलोस्टोनमध्ये वीज, पाणी आणि सांडपाणी अशा तिन्ही सोयींचं कॅम्पग्राउंड एकच, फिशिंग ब्रिजचं. तिथे अस्वलांमुळे तंबूला किंवा कापडी भिंतींच्या ट्रेलरला परवानगी नाही. तुमच्या मोटरहोमला अडचण नाही. तिथे एसी लागणार नाही, उलट जूनमध्येही रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. सासूबाईंसाठी १,५०० वॅटचा हीटर नेणार असाल तर तो साडेबारा अँप धरा, आणि एक्स्टेन्शन बोर्डावर न लावता थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. गाडीची गॅस भट्टी चालत असेल तर तीच बरी.

राहिला मिक्सर. सासरेबुवांचा हिशेब बरोबर आहे. ५० अँपच्या खांबावर दोन फेजमध्ये २४० व्होल्ट असतात आणि मिक्सरची मोटर ६० हर्ट्झवरही फिरेल. तरीही करू नका. मिक्सरची बारीक वायर तापून वितळेल तरी मागचा ५० अँपचा ब्रेकर हलणार नाही. शिवाय आपल्या मिक्सरचं बटण एकच तार तोडतं. इथे दुसऱ्या तारेतही फेज आहे, म्हणजे बटण बंद असलं तरी आत १२० व्होल्ट हजर. सासऱ्यांना सांगा, न्यूट्रलच्या जागी फेज आलीय. ते लगेच नको म्हणतील. १२० चे २४० करणारा, निदान १,५०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो धोंड्यासारखा जड असतो. त्यापेक्षा भारतीय दुकानात ११० व्होल्टचा मिक्सर मिळतो तो घ्या, आणि ३० अँपवर असताना चटणी वाटेपर्यंत मायक्रोवेव्ह थांबवा.