मंगळावरची धूळ: वाचकांचे प्रश्न

मंगळावरच्या वादळात माणूस उडून जाईल का?

नाही. तिथल्या हवेचा दाब पृथ्वीवरच्या एक टक्क्याहूनही कमी. ताशी 100 किलोमीटरचा वारा सुटला तरी अंगावर येणारा जोर आपल्याकडच्या ताशी 12-15 किलोमीटरच्या वाऱ्याएवढाच. पानं हलतील, फांदी मोडणार नाही. घाबरायचं ते धुळीला.

मग एवढा दुबळा वारा अख्खा ग्रह कसा झाकतो?

कारण धूळ कमालीची बारीक आहे. मिलिमीटरच्या लांबीत असे शेकडो कण सहज मावतील. एकदा वर गेली की ती आठवडेच्या आठवडे खाली बसत नाही. शिवाय ती ऊन शोषते, भोवतालची हवा तापवते. तापलेली हवा वर चढते, वारा वाढतो आणि आणखी धूळ उठते. मंगळ सूर्याच्या सर्वांत जवळ असतो तेव्हा त्याच्या दक्षिण गोलार्धात वसंत सरून उन्हाळा लागत असतो. सर्वांत दूर असतानाच्या मानाने तेव्हा ऊन सुमारे 45 टक्के जास्त पडतं, म्हणून मोठी वादळं बहुधा याच सुमारास होतात. 1971 मध्ये नासाचं मरिनर 9 यान पोहोचलं तेव्हा धुळीतून वर आलेले चार काळे ठिपके तेवढे दिसत होते. ते प्रचंड ज्वालामुखींचे माथे होते!

2018 च्या वादळात ऑपॉर्च्युनिटी संपला, क्युरिऑसिटी कसा वाचला?

दोन्ही नासाचे रोव्हर, म्हणजे मंगळावर फिरणाऱ्या यंत्रगाड्या. क्युरिऑसिटीची वीज प्लुटोनियमच्या उष्णतेतून येते, ऑपॉर्च्युनिटीची उन्हातून येत होती. भरदिवसा काळोख झाला, बॅटरी उतरली. 10 जून 2018 ला शेवटचा संदेश आला. त्यासोबतचा फोटो अर्धवटच पोहोचला: वर काळपट, दाणेदार आकाश, खाली नुसता काळा पट्टा. तो पाहिला की मला आजही गलबलून येतं. 90 दिवसांसाठी पाठवलेला हा रोव्हर 14 वर्षांहून जास्त राबला होता. नासाने हजारावर हाका मारल्या आणि फेब्रुवारी 2019 मध्ये मोहीम संपल्याचं जाहीर केलं.

तिथल्या वावटळींनीही नुकसान होतं का?

उलट फायदाही होतो. 2005 मध्ये स्पिरिट रोव्हरच्या सौरपट्ट्यांवरची धूळ वाऱ्या-वावटळींनीच झाडली आणि वीज एकदम वाढली. सप्टेंबर 2021 मध्ये तर एक वावटळ थेट पर्सिव्हरन्स रोव्हरवरून गेली आणि नेमका तेव्हा त्याचा मायक्रोफोन चालू होता. कानाला हेडफोन लावून जरूर ऐका. आधी वाऱ्याची घरघर, मग वावटळीच्या पोटात आल्यावर क्षणभर शांतता, पुन्हा घरघर, आणि या सगळ्यात रोव्हरवर आपटणाऱ्या कणांची बारीक टकटक.