स्पिन्स्टरमधली सूत कातणारी

इंग्रजी शब्दांची मुळं शोधायला लागलीस, फार बरं वाटलं. फक्त प्रत्ययांच्या याद्या पाठ करत बसू नकोस, एकच प्रत्यय धर आणि त्याचा पिच्छा पुरव.

'स्टर' घे. जुन्या इंग्रजीत तो बहुतेक वेळा एखादं काम करणाऱ्या बाईसाठीच्या शब्दाला लागायचा. स्पिन्स्टर म्हणजे मुळात सूत कातणारी. सतराव्या शतकापासून कागदोपत्री त्याचा अर्थ 'अविवाहित स्त्री' झाला आणि इंग्लंड-वेल्सच्या विवाहनोंदणीतून तो थेट २००५ मध्ये गेला. वेबस्टर विणणारी, ब्रूस्टर बिअर बनवणारी, बॅक्स्टर पाव भाजणारी. पुढे हे शब्द पुरुषांनाही लागले, शेवटी आडनावं उरली. विट्याच्या यंत्रमागवाल्यांना वेबस्टर सांगून बघ, लगेच जवळचा वाटेल! प्रत्ययातलं बाईपण इतकं विसरलं गेलं, की सीमस्टरला, म्हणजे शिवणारीला, वर 'एस' (-ess) हा दुसरा स्त्रीलिंगी प्रत्यय जोडून सीमस्ट्रेस करावं लागलं. मला हाच शब्द सगळ्यात आवडतो.

मात्र मॉन्स्टर, मिनिस्टर यांत हा प्रत्यय शोधू नकोस, त्यांचं मूळ लॅटिन. सांगलीकर, मिरजकर ऐकून कुणी भास्करचं गाव विचारतं का? शंका आली की मोठ्या कोशातली व्युत्पत्ती बघ आणि शब्द पहिल्यांदा कधी, कुठल्या अर्थानं आला ते वहीत टिपून ठेव.