कच्च्या घड्याकडे लक्ष दे

सोहनी-महिवालची पंजाबी प्रेमकथा पहिल्यांदाच ऐकतोयस ना? मग शब्द अडले तरी थांबू नकोस, घड्याकडे लक्ष दे. चिनाबच्या पलीकडे असलेल्या महिवालला भेटायला सोहनी रोज रात्री भाजलेल्या घड्याच्या आधारानं पोहत जाते. नणंद गुपचूप कच्चा घडा ठेवते. भर प्रवाहात माती बोटांखाली विरघळू लागते.

अरे, ती कुंभाराची लेक! कच्चं मडकं हाताला कळलं नसेल? मला वाटतं, कळलं होतं, तरी ती उतरली. सूफी अर्थ मला तिथंच उमगला: घडा म्हणजे देह, पैलतीर म्हणजे परमेश्वर. सिंधीत सूफी कवी शाह अब्दुल लतीफ (१६८९–१७५२) तर ही कथा थेट नदीच्या भोवऱ्यांपासूनच सुरुवात करतात. नणंदेवरच्या रागात अडकू नकोस. माझी कितीतरी वर्षं त्यातच गेली.