माणसां गावतत, पन टिकनत नाय

कोकणातल्या छोट्या उद्योजकांशी बोलताना एक तक्रार हमखास ऐकू येते. चांगली माणसं मिळत नाहीत, आणि शिकवून तयार केली की सोडून जातात. वेंगुर्ला तालुक्यात काजू प्रक्रियेचं छोटं युनिट चालवणाऱ्या एक ताई हीच चिंता घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्या होत्या. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

"शिकवन तयार केलंय काय निघान जातत. आता कोणावर विश्वासच ठेवूचो नाय," त्या म्हणाल्या.

त्यांना खरं लागलं होतं ते भावकीतल्या एका मुलाचं जाणं. बी.कॉम. झालेला, हुशार, घरच्यासारखा. गोव्यात नोकरी लागली आणि धड न सांगता गेला. तेव्हापासून ताई रात्री जेवणं आटोपली की स्वतः ग्रेडिंगला, म्हणजे काजूगर आकार आणि दर्जानुसार निवडून वेगळे करायला बसत. झोप नाही, चिडचिड वाढलेली, कामावरच्या बायकांशीही तुटक बोलणं.

राग बोलून मोकळा झाल्यावर मी विचारलं, तो मुलगा सकाळपासून काय काय करायचा? त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. बियांच्या गोणी उतरवून घेणं, हजेरी, जीएसटीची बिलं, मुंबई-पुण्याची पार्सलं, टेम्पो, व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी आणि उरल्या वेळात ग्रेडिंग. कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "ह्यां एका माणसाचां काम नाय," त्याच म्हणाल्या.

विश्वासघात झाल्याचं दुःख खरंच असतं, ते मी खोडून काढत नाही. पण ‘घरचा, विश्वासू, सगळं बघणारा माणूस हवा’ अशी जागा भरायला निघालं की येणारा प्रत्येक जण कमीच पडतो. म्हणून माणूस शोधण्याआधी काम ठरवा. कुठल्या एका कामामुळे तुमची झोप जाते?

ताईंच्या बाबतीत ते ग्रेडिंग होतं. काजूत सगळा भाव अख्ख्या गराला. डब्ल्यू-२४० म्हणजे एका पौंडात साधारण २४० गर, ३२० म्हणजे त्याहून बारीक आणि स्वस्त. महाग मालात बारीक गर किंवा पाकळी (अर्धा झालेला गर) मिसळली की गिऱ्हाईक तुटतं. याला डिग्री लागत नाही, नजर लागते. आणि नजर मुलाखतीत कळत नाही.

म्हणून आम्ही एक दिवसाचं काम देऊन बघायचं ठरवलं, पूर्ण दिवसाची मजुरी देऊन. चाचणीच्या नावाखाली फुकट राबवून घेणं मला मान्य नाही. दोघी जणी आल्या. एकीचा हात झरझर चालत होता, पण तिच्या २४० च्या ढिगात ३२० चे गर सापडत होते. दुसरी सावकाश. डागी वाटलेला गर उजेडाकडे धरायची, शंका असलेले ट्रेच्या कोपऱ्यात वेगळे ठेवायची आणि शेवटी एकेक दाखवून विचारायची. ताईंचा कल पहिलीकडे होता. मी दुसरीला घ्या म्हटलं. हाताला वेग सरावाने येतो, पण अडल्यावर विचारायची सवय लावणं फार अवघड.

मग तिच्याशी मोकळं बोलणं झालं. शेवटची एसटी किती वाजता? भातलावणीला किती दिवस लागतील? गणपतीत चाकरमानी घरी आल्यावर सुट्टी किती? हे आधी ठरलं की ऐनवेळी ‘न सांगता राहिली’ म्हणून वाद होत नाही. एसटीसाठी सुटायची वेळ अर्धा तास अलीकडे आणली. लग्न, मूलबाळ यांबद्दल मात्र काही विचारायचं नाही, हे मी ताईंना बजावून सांगितलं. तो तिचा खासगी प्रश्न. पगाराची तारीख आणि कामाचं स्वरूप एका कागदावर लिहून दोघींनी सह्या केल्या. आधी कुठे काम केलं असेल तर तिथल्या मालकाला एकच प्रश्न विचारा: पुन्हा घ्याल का? उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो, त्यावरूनही बरंच समजतं.

सगळ्यात जड गेलं ते नातेवाइकांना नाही म्हणणं. गावात जागा निघाली की आधी भावकीत कळते. ताईंच्या चुलत सासूबाईंनी नातवासाठी शब्द टाकला. आम्ही ताईंचं वाक्य आधी घोकून ठेवलं होतं: "काकी, त्याका पाठवा. सगळ्यांका एक दिवस काम देतंय, त्याकाय देतलंय." मुलगा आला, दुपारी जेवायला गेला तो परतलाच नाही. ताईंनी त्याला घेतलं नाही. काकी दुखावल्या आणि अजूनही नीट बोलत नाहीत. हा त्रास होतोच, त्याची तयारी ठेवूनच नाही म्हणावं लागतं.

रात्रीचं ग्रेडिंग आता थांबलं आहे. नवीन बाई टिकतील का, हे पुढचा गणपती झाल्यावर कळेल. ताईंना आता टेम्पोसाठी माणूस हवा आहे. तो बारा महिन्यांचा की फक्त सीझनपुरता, एवढं ठरवून मगच कुणाला सांगा, असं मी त्यांना म्हटलं आहे.