सोलापूरच्या काळ्या रानात हरभऱ्याला जिवाणू खत लावून खरंच फरक पडतो का?

पडतो, पण पाकिटावर छापलेला असतो तेवढा नाही. हरभऱ्याचं रायझोबियम, म्हणजे मुळावरच्या गाठींत हवेतला नत्र जमवणारे जिवाणू वेगळे, सोयाबीनचे वेगळे. दुकानदार 'सगळ्याला एकच चालतं' म्हणाला तर सरळ दुसरं दुकान गाठा.

आपल्याकडे त्याहून कामाचं मला पीएसबी, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू वाटतात. मंगळवेढा काय नि बार्शी काय, बरीचशी काळी जमीन चुनखडीची आणि विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची. घातलेल्या सुपर फॉस्फेटमधला बराच स्फुरद तिथं कॅल्शियमशी बांधला जातो आणि मुळांना मिळत नाही. हे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून त्यातला काही भाग मोकळा करतात. म्हणून सुपर फॉस्फेट पार बंद करू नका, थोडं कमी करून बघा.

10 किलो बियाण्याला रायझोबियम आणि पीएसबी प्रत्येकी 250 ग्रॅम, गुळाच्या गार पाण्यात कालवून हलक्या हातानं चोळायचं, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, जिवाणू शेवटी. आणि तारीख बघून घ्या. उन्हात पडून राहिलेलं पाकीट म्हणजे नुसती कोळशाची भुकटी.

महिना-सव्वा महिन्यानं एक रोप मातीसकट अलगद काढा. मुळावरची गाठ नखानं फोडल्यावर आत गुलाबी-तांबूस दिसली तर नत्र जमतंय. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. रानात ओलच नसेल तर मात्र कुठलंही पाकीट आणा, उपयोग नाही.